जुना पीसी, नवं कार्ड: एका स्लॉटची गोष्ट

जुन्या पीसीत नवं ग्राफिक्स कार्ड बसेल का, हा प्रश्न आज सोपा वाटतो. 2004 साली तो सोपा नव्हता. 1997 पासून ग्राफिक्ससाठी एजीपी स्लॉट चालत होता. 2004 मध्ये पीसीआय एक्सप्रेसची कार्डं आली, आणि ती एजीपीत बसतच नव्हती. म्हणजे कार्डासाठी मदरबोर्ड बदला, आणि बऱ्याचदा त्याच्यासोबत प्रोसेसर नि रॅमही! ब्रिज चिप लावलेली काही एजीपी कार्डं आली खरी, पण ती वाट पुढे संपलीच. पीसीआय एक्सप्रेसच्या नव्या आवृत्त्यांनी मात्र जुन्या स्लॉटशी नातं तोडलं नाही. म्हणून दहा वर्षं जुन्या बोर्डातही आजचं कार्ड सहसा चालतं. फक्त स्लॉट जास्तीत जास्त 75 वॉट देतो, बाकीची वीज पॉवर सप्लायकडून येते. तेव्हा पैसे मोजण्याआधी तो तपासा!