आपल्या इमारतीखालची गिरणी

सोसायटीच्या नोंदणीला यंदा पंचवीस वर्षं झाली, तेव्हा स्मरणिकेत सोसायटीचा इतिहास हवाच, असं समितीचं म्हणणं पडलं. पदाधिकाऱ्यांची यादी, गणेशोत्सव, लिफ्ट बदलल्याची हकीगत हे सगळं इतरांनी लिहिलं आहे. मी त्याच्याही मागे, म्हणजे जमिनीपर्यंत जाणार आहे. इमारत आधी कागदावर उभी राहते आणि मग विटांमध्ये, आणि आपले कागद साध्या जमिनीचे नव्हते. ते गिरणीच्या जमिनीचे होते.

आपल्या दोन विंग आहेत तिथे कापसाची गोदामं होती. मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांची. १८५४ मध्ये कंपनी काढली, १८५६ मध्ये ताडदेवला गिरणी सुरू झाली. मग भायखळ्यापासून वरळीपर्यंत धुराडी उभी राहिली आणि कोकणातली, घाटावरची माणसं साचेखात्यात आणि त्रासनखात्यात भरती झाली. ए विंगमधल्या एका सभासदाचे वडील याच आवारात साचेवाले होते. मुलगा आज सातव्या मजल्यावर राहतो. अशी उदाहरणं फार नाहीत, आणि ती का नाहीत हाच या लेखाचा विषय आहे.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मी तेव्हा परळजवळच्या एका शाखेत बचत खात्याच्या काउंटरवर होतो. आधी रिकरिंग मुदतीपूर्वी मोडायला लोक आले, मग बायकांचे दागिने तारण ठेवायला आले, आणि मग येईनासेच झाले. गावी गेले. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. काही गिरण्या पुन्हा चालू झाल्या, पण बऱ्याच कायमच्या आजारी पडल्या.

आता प्रश्न जमिनीचा. शहराच्या मध्यावर सुमारे ६०० एकर जमीन, पण नकाशावर औद्योगिक. तिथे घरं बांधायची तर वापर बदलायला परवानगी हवी. त्यात १९७६ चा नागरी कमाल जमीनधारणा कायदा, ज्याला आपण सगळे ‘यूएलसी’ म्हणायचो. मुंबईत ५०० चौरस मीटरच्या वरची मोकळी जमीन त्याच्या कचाट्यात सापडायची, आणि सूट हवी असेल तर मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवायच्या. जास्तीची जमीन गरिबांच्या घरांना मिळावी हा हेतू. प्रत्यक्षात जमीन थोडी मिळाली आणि फायली पुष्कळ जमल्या. महाराष्ट्रात हा कायदा २००७ च्या नोव्हेंबरात गेला.

१९९१ मध्ये विकास नियंत्रण नियमावली आली आणि तिच्यातल्या ५८ क्रमांकाच्या नियमाने गिरण्यांना वाट करून दिली. गिरणीची जमीन विकसित करायची असेल तर तिचे तीन वाटे करायचे. पाच हेक्टरपर्यंतच्या जमिनीत ३३ टक्के महापालिकेला बागा-मैदानांसाठी, २७ टक्के म्हाडाला घरांसाठी आणि ४० टक्के मालकाला. जमीन मोठी असेल तर मालकाचा वाटा आणखी कमी, दहा हेक्टरच्या वर ३० टक्केच. ढोबळमानाने एक तृतीयांशचा हिशेब. मला आजही हा नियम न्याय्य वाटतो. आपल्या कोपऱ्यावरचं उद्यान, जिथे सकाळी आपला ज्येष्ठांचा कट्टा भरतो, ते याच वाटणीतून आलेलं आहे. कोणी दानशूराने दिलेलं नाही.

पण बहुतेक मालक पुढे आलेच नाहीत. दोन तृतीयांश कोण सोडणार? उभ्या शेडमध्येच वापर बदलला तर वाटा द्यावा लागत नव्हता, म्हणून शेड तशाच ठेवून आत नवे धंदे आले. फिनिक्स मिलच्या आवारात बोलिंग अ‍ॅली आली, हे अनेकांना आठवत असेल. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांची समिती नेमली गेली. सरकारी महामंडळाच्या गिरण्यांच्या जमिनी सुट्या सुट्या न बघता एकत्र बघा, म्हणजे चौक, रस्ते, मोकळ्या जागा नीट आखता येतील, असं तिचं सांगणं. ते कपाटात गेलं.

मग २००१ मध्ये नियम ‘सुलभ’ झाला. आमच्या बँकेत म्हण होती की परिपत्रक वाचताना विशेषणं आधी वाचावीत. इथे विशेषण होतं ‘मोकळी’. वाटे फक्त मोकळ्या जमिनीचे करायचे. गिरणीच्या इमारती पाडून जी जागा रिकामी होईल ती यात धरायची नाही. गिरण्यांमध्ये शेडच शेड असतात, मोकळी जागा ती किती! प्रकरण कोर्टात गेलं. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये नागरिकांच्या बाजूने निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या मार्चमध्ये तो फिरवला आणि बदललेला नियम कायम राहिला. दरम्यान २००५ मध्येच मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन ७०२ कोटींना गेली होती. मग टॉवर किती भराभर उठले ते आपण गच्चीवरून पाहिलंच आहे.

परवानग्या झटपट व्हाव्यात असं म्हटलं की सगळे माना डोलावतात, मीही डोलावतो. पण दोन प्रकारचं झटपट असतं. एकात टेबलं कमी होतात. दुसऱ्यात देणं कमी होतं. २००१ ला टेबलं तेवढीच राहिली, कमी झाला तो बागांचा आणि घरांचा वाटा. कामगारांच्या घरांची पहिली मोठी सोडत निघाली २०१२ मध्ये, ६,९२५ घरांची. अर्ज होते सुमारे दीड लाख. संपाला तेव्हा तीस वर्षं झाली होती.

मात्र त्याच नियमावलीतली एक तरतूद बँकेच्या माणसाला आवडावी अशी आहे. आजारी गिरणीच्या जमिनीतून येणारा पैसा एस्क्रो खात्यात जमा करायचा. म्हणजे खात्यात पैसा दिसतो, पण मालकाला मनाला येईल तसा काढता येत नाही. कामगारांची आणि बँकांची देणी, गिरणीचं पुनरुज्जीवन यासाठीच तो वापरायचा, आणि देखरेखीला निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली समिती. असला एक कागद दहा ना-हरकत दाखल्यांच्या तोडीचा असतो.

आता आपल्याबद्दल. बांधकामाची पहिली परवानगी ‘आयओडी’, म्हणजे इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल. मंजुरीचं नाव नामंजुरी! १८८८ च्या महापालिका कायद्यातलं हे रत्न. अटी पूर्ण केल्या की बांधकाम सुरू करण्याचा दाखला, आणि शेवटी राहण्यायोग्य असल्याचा दाखला, ओसी. आपल्याला बांधणाऱ्या मंडळींनी चाव्या दिल्या, पेढे दिले, ओसी दिली नाही. दोन अटी त्यांनी पूर्णच केल्या नव्हत्या. ओसी नाही म्हणून अकरा वर्षं आपण जादा दराने पाणीपट्टी भरली. तेव्हाच्या सभांमध्ये खुर्च्या उचलायच्याच बाकी होत्या, जुन्या सभासदांना विचारा. अखेर समितीतल्या चौघांनी वर्गणी काढून, वास्तुविशारद नेमून त्या अटी पुऱ्या करून घेतल्या.

गंमत म्हणजे साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं समजावं, ही तरतूद १९६६ च्या नगररचना कायद्यातच आहे. हल्ली नकाशे ऑनलाइन दाखल होतात, संगणकच मोजमाप तपासतो. उत्तम आहे. पण संगणक नकाशा तपासतो, जागेवर जाऊन पाण्याची टाकी आणि जिन्याची रुंदी कोणी तपासायची? माझं मत विचाराल तर अर्ज एकाच खिडकीत घ्या, पन्नास दाखल्यांचे पाच करा. त्या पाचांत कामगारांची देणी आणि ओसी राहू द्या.

आता उरलं आहे कन्व्हेयन्स. १९६३ च्या कायद्याखालच्या नियमांप्रमाणे सोसायटीची नोंदणी झाल्यापासून चार महिन्यांत जमीन आपल्या नावावर व्हायला हवी होती, झाली पंचवीस वर्षं. आता आपण मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करतो आहोत. त्यासाठी मूळ मंजूर नकाशाची प्रत हवी आहे, कारण आतला रस्ता आणि मागची मोकळी पट्टी आपल्या हिश्श्यात आहे की नाही ते त्यावरच दिसतं. ऑफिसातली प्रत २००५ च्या २६ जुलैच्या पुरात भिजून गेली. पहिल्या वर्षी घर घेतलेल्या ज्या सभासदांच्या करारनाम्याला तो नकाशा जोडलेला असेल त्यांनी तो ऑफिसात आणून दाखवावा. झेरॉक्स काढून मूळ प्रत लगेच परत केली जाईल.