बंदरोबंदरींची बोली

ज्याची तलवार त्याची भाषा, असा सार्वत्रिक समज आहे. हिंदी महासागराच्या किनाऱ्यावर मात्र तो खोटा ठरलेला दिसतो. वास्को द गामा इ. स. १४९८ मध्यें कालिकतास उतरला. १५१० त गोवें व १५११ त मलाक्का हीं बंदरें आल्बुकर्कनें घेतलीं. त्या वेळीं पोर्तुगालची लोकसंख्या उणीपुरी दहा-पंधरा लाख. एवढ्याशा राष्ट्रानें साऱ्या समुद्रावर दीर्घकाळ सत्ता चालवावी हें शक्यच नव्हतें, व तसें झालेंहि नाहीं. पण त्यांची भाषा राहिली.

आल्बुकर्कनें आपल्या शिपायांस गोव्यांतील स्त्रियांशीं विवाह करण्यास उत्तेजन दिलें. या घरांतून जी पिढी वाढली तिनें लिस्बन पाहिलें नव्हतें, आणि तिची पोर्तुगीजहि लिस्बनची नव्हती. क्रियापदांच्या रूपांचें जंजाळ गळून पडलें, ठिकठिकाणचे शब्द मिसळले, आणि खलाशालाहि सहज उचलतां यावी अशी एक सुटसुटीत बोली तयार झाली. पंडितांनीं नाक मुरडलें तरी दलाल, दुभाषे व आचारी यांचें काम तिच्यावर भागत असे.

डचांनीं १६४१ त मलाक्का घेतलें, १६५८ पर्यंत सिंहलद्वीपांतूनहि पोर्तुगीजांस हुसकून लावलें. आतां डच भाषेची पाळी, असें कोणासहि वाटलें असतें. अधिकाऱ्यांनीं तसे हुकूमहि काढले. परंतु खुद्द बटेव्हियांत डचांच्या घरच्या दाया व नोकर पोर्तुगीज बोलत आणि मुलें तीच उचलीत. अखेर डच कंपनीच्याच आश्रयानें १६८१ त ॲमस्टरडॅम येथें नव्या कराराचें पोर्तुगीज भाषांतर छापावें लागलें! इंग्रजांची गत निराळी नव्हती. त्यांच्या १६९८ च्या सनदेंत असें कलम होतें कीं, हिंदुस्थानांत येणाऱ्या धर्मोपदेशकानें एका वर्षाच्या आंत पोर्तुगीज शिकावी. नवी भाषा रुजविणें खर्चाचें. तयार दुभाषा स्वस्त. व्यापाऱ्यास भाषेचा अभिमान परवडत नाहीं.

मराठ्यांनीं १७३९ त वसई घेतली, तरी लिलाव, पगार, पिंप, चावी, पाव हे शब्द कोणीं परत केले नाहींत. त्यांतील पहिले दोन तर निव्वळ पेढीवरचे.

ही बोली मागें पडली ती लढाईनें नव्हे. एकोणिसाव्या शतकांत भांडवल, विमा व हुंड्या यांचें केंद्र लंडन झालें. १८७० त समुद्रांतील तारेनें मुंबई लंडनशीं जोडली गेली आणि बाजारभाव इंग्रजींतून येऊं लागले. तोंडी सौद्यास पुरणारी बोली तेथें अपुरी पडली. चौलजवळच्या कोर्लई गांवांत तिचा एक अवशेष घरोघरीं आजहि बोलला जातो. तेथील लोक त्यास ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, असें म्हणतात.