दोन मिनिटांचं आकाश आणि दीड इंची लेन्स

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून उल्कांचे फोटो काढायचे म्हटलं की आधी पंचांग आडवं येतं. ऑगस्टमधला ययाती उल्कावर्षाव पावसात वाहून जातो. उरतो तो 13-14 डिसेंबरच्या आसपासचा मिथुन उल्कावर्षाव. तेव्हा आकाश बऱ्यापैकी स्वच्छ असतं, मग पहिला प्रश्न येतो तो लेन्सचा. आणि जाणकार एकच सांगतात : फास्ट लेन्स घे, एफ/2.8 पेक्षा एफ/1.4 बरी. का, ते जरा आकडेमोड करून बघू.

मिथुनातल्या उल्का सेकंदाला सुमारे 35 किलोमीटर वेगाने येतात. अशी एक उल्का 100 किलोमीटरवरून आडवी गेली, तर 24 मिलिमीटरच्या लेन्समागे तिचं चित्र सेन्सरवर सेकंदाला 8 मिलिमीटर धावतं. पिक्सेल 6 मायक्रॉनचा धरा. म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला उल्का येते ती सेकंदाचा हजारावा भागसुद्धा नाही! शटर 30 सेकंद उघडं ठेवलंत तरी उल्का उजळ होत नाही, उजळतं ते फक्त मागचं आकाश. वेळ वाढवणं आपल्या हातात नाही. हातात काय, तर लेन्सचं तोंड किती मोठं ठेवायचं ते.

गंमत म्हणजे हाच पेच सव्वाशे वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावर आला होता, तोही भर दुपारी. 22 जानेवारी 1898 ला खग्रास सूर्यग्रहण झालं. चंद्राची सावली समुद्रावरून विजयदुर्गाजवळ जमिनीवर आली आणि ईशान्येला निघून गेली. विजयदुर्ग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होता (सिंधुदुर्ग जिल्हा झाला 1981 साली). खग्रास स्थिती साधारण दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत सूर्याभोवतीचा प्रभामंडल काचेच्या प्लेटवर पकडायचा. चुकलं तर पुढचं ग्रहण, जगाच्या दुसऱ्या टोकाला.

विजयदुर्गावर आले होते सर नॉर्मन लॉकयर. मदतीला 'मेल्पोमीनी' या ब्रिटिश युद्धनौकेवरचे अधिकारी आणि खलाशी. प्रिझम लावलेल्या कॅमेऱ्यांनी त्यांनी वर्णपटाचे फोटो घेतले.

इथे एक गाठ सोडवायला हवी. गडावरचे 'साहेबाचे ओटे' दाखवून हमखास सांगितलं जातं, की 18 ऑगस्ट 1868 च्या ग्रहणात लॉकयरनी इथूनच हेलियम शोधला. पण 1868 साली लॉकयर इंग्लंडमध्येच होते. ते ग्रहण जान्सेननी गुंटूरहून पाहिलं. लॉकयरनी 20 ऑक्टोबरला घरच्या दुर्बिणीतून, ग्रहणाशिवायच, सूर्यज्वालांच्या वर्णपटातली पिवळी रेषा पाहिली आणि पुढे त्या अनोळखी मूलद्रव्याला नाव दिलं. ते विजयदुर्गावर आले ते तीस वर्षांनी. तोवर, 1895 साली, रॅम्झेंना पृथ्वीवरही हेलियम सापडला होता.

असो. विजयदुर्गावरून सावली देशावर चढली. सोलापूर जिल्ह्यात जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे (म्हणजे पुढच्या सीओईपीचे) प्रोफेसर कावसजी नायगमवाला आपली उपकरणं घेऊन सज्ज होते. तिथेच अमेरिकेतल्या लिक वेधशाळेच्या कॅम्पबेलनी 40 फुटी कॅमेरा उभारला होता. लेन्स 5 इंची, केंद्रांतर 40 फूट, म्हणजे आजच्या भाषेत एफ/96!

आणखी पुढे विदर्भात, तळणीला, होत्या ॲनी माँडर. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकलेल्या. ग्रिनिच वेधशाळेत गणनाचं काम करायच्या. पण 1895 साली लग्न झालं आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे नोकरी सुटली. तळणीला त्या हौशी निरीक्षकांच्या तुकडीबरोबर आल्या होत्या. हातात दीड इंच व्यासाची, 9 इंच केंद्रांतराची लेन्स. एफ/6.

आता तुलना करा. लांब कॅमेऱ्यात सूर्याचं चित्र चार इंचांहून मोठं येतं, ॲनीबाईंच्या कॅमेऱ्यात जेमतेम 2 मिलिमीटरचं. पण चित्र जितकं पसरतं तितकं ते मंद होतं. 96 भागिले 6 म्हणजे 16, त्याचा वर्ग 256. तेवढ्याच वेळात प्लेटच्या तेवढ्याच जागेवर छोट्या लेन्सचा प्रकाश 256 पट! कॅम्पबेलना सूर्याजवळचे बारकावे हवे होते, त्यासाठी त्यांचा कॅमेरा योग्यच होता. बाहेरचा फिकट प्रभामंडल मात्र ॲनीबाईंच्या प्लेटवर आला. त्यात एक किरण सूर्याच्या त्रिज्येच्या सुमारे 14 पट लांब गेलेला दिसला. तोवर कुणाच्याच फोटोत इतका लांब किरण आला नव्हता.

रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना फेलो करून घेतलं ते 1916 साली. त्याआधी तिथे बायकांना फेलो होताच येत नसे.

मला वाटतं, विजयदुर्गाला हेलियमच्या दंतकथेची गरजच नाही. 1898 च्या दुपारी तिथून जी सावली निघाली, तिच्या वाटेवर नोकरी गमावलेल्या एका बाईने दीड इंची लेन्सने जगाला नवीन काहीतरी दाखवलं. ही खरी गोष्ट सांगायला काय हरकत आहे? डिसेंबरात किनाऱ्यावर ट्रायपॉड लावाल तेव्हा सोबतच्यांना जरूर सांगा. (आणि दव पुसायला मऊ फडकं न्यायला विसरू नका.)