शीर्षासन, रक्तदाब आणि कान

डोके खाली, पाय वर केले की रक्तदाबाचे काय होते? स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि आसनांच्या वेळचा रक्तदाब मोजून निष्कर्ष ‘योगमीमांसा’ त्रैमासिकात छापले. श्रद्धेचा विषय मोजमापाचा झाला. पण डोके कलल्याची वर्दी रक्तवाहिन्यांना कोण देते, हे दंडावरच्या पट्ट्यातून कळणार नव्हते.

१९७४ मध्ये डोबा व रीस यांनी भूल दिलेल्या मांजरांच्या दोन्ही आंतरकर्णांकडून मेंदूकडे जाणाऱ्या चेता कापल्या. मग डोक्याकडची बाजू वर उचलताच रक्तदाब नेहमीपेक्षा अधिक घसरला. मानेतील दाबसंवेदक दाब बदलल्यावर जागे होतात; तोल सांभाळणारा कान मात्र डोके हलताच खबर देतो. अंथरुणातून उठताना आपल्याला सहसा भोवळ येत नाही, त्यात कानाचाही वाटा आहे.