रस्त्याखाली गेलेलं राँडो

"आमचं घर होतं तिथं आता हवा आहे," असं त्या आजी म्हणायच्या. अमेरिकेत मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात त्यांचा जन्म गेला. माझी-त्यांची ओळख डेल स्ट्रीटवरच्या ग्रंथालयात झाली. जवळूनच आय-९४ महामार्ग खोल चर खणून नेलेला आहे. त्यामुळे त्यांचं स्वयंपाकघर जिथं होतं तिथं जमीनच उरलेली नाही, खाली फक्त धावत्या मोटारी.

राँडो अव्हेन्यू हा शहरातल्या कृष्णवर्णीय वस्तीचा मुख्य रस्ता. आजींचे वडील रेल्वेत पोर्टर होते. पगार बेताचा, पण पै-पै साठवून त्यांनी घराचं कर्ज फेडलं. आजींच्या बोलण्यात मात्र घरापेक्षा शेजारीच जास्त येत. कुणाकडे पियानो होता, रविवारी चर्चहून येताना कोण पोरांना जेवायला बसवून घेई, आणि रस्त्यात केलेला वांडपणा आपल्याआधी घरी कसा पोचे, हे सांगताना त्यांचा आवाज लहान मुलीसारखा होई.

१९५६ च्या कायद्यानं महामार्गांचा ९० टक्के खर्च केंद्र सरकारनं उचलला आणि कामांना जोर आला. शहराचे नियोजन अभियंता राहिलेले जॉर्ज हेरॉल्ड यांनी उत्तरेला रेल्वेरुळांलगतचा मार्ग सुचवला होता. तो स्वीकारला असता तर वस्ती वाचली असती. म्हणून राँडो 'विकासाच्या आड आलं' हे म्हणणं मला साफ खोटं वाटतं. वृद्ध पाद्री जॉर्ज डेव्हिस घर सोडेनात, तेव्हा पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. सहाशेहून अधिक कुटुंबं उठली. मिळालेल्या पैशांत तसं घर येईना. आलं असतं तरी अनेक भागांत काळ्या माणसाला कुणी विकत नसे. घरखरेदीतल्या वर्णभेदाला केंद्रीय कायद्यानं बंदी आली ती १९६८ साली. महामार्गही त्याच वर्षी पुरा झाला.

राँडो विसरू द्यायचं नाही, हे तिथल्याच मुलांनी ठरवलं. मार्विन अँडरसन आणि फ्लॉइड स्मॉलर यांनी १९८३ पासून 'राँडो डेज' हा उत्सव सुरू केला. पांगलेली कुटुंबं त्यासाठी परत येऊ लागली. २०१५ मध्ये महापौर ख्रिस कोलमन यांनी जाहीर माफी मागितली. २०१८ मध्ये स्मारक-चौक झाला. आता महामार्गावर छत घालून वर पुन्हा वस्ती उभारायचा 'रीकनेक्ट राँडो' या संस्थेचा आग्रह आहे.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो शहराचा वारसा निधी. ज्यांची मालमत्ता गेली, त्यांच्या वंशजांना घर घेताना सुरुवातीच्या रकमेसाठी त्यातून मदत मिळते. राँडोच्या कुटुंबांचं खरं नुकसान तिथंच झालं होतं: आईबापांनी कमावलेलं घर मुलांच्या नावावर झालंच नाही. छतावरच्या नव्या इमारती याच कुटुंबांना परवडल्या नाहीत, तर राँडो दुसऱ्यांदा उठेल. त्या जमिनीवर पहिला हक्क राँडोच्या वारसांचा, हे बांधकाम सुरू होण्याआधी कागदावर यायलाच हवं.