डहाणूच्या रानातील लग्नगडी आणि गोदाराणी

विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला, तो बंगालच्या ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या खटपटीने. पुण्यामुंबईच्या सुधारकांनीही तोच धागा धरला : बाईला शिकू द्या, कायद्याने तिला माणूस माना. पण हा विचार घेऊन त्या काळी कोणी आपल्या सायवनच्या पाड्यावर आले असते, तर वारल्यांना नवलच वाटले असते. त्यांच्यात विधवेला दुसरे घर करायला आडकाठी नव्हती. आणि लग्न लावायला भटजी नव्हे, धवलेरी लागते. ती बाईच असते! मग इथल्या बाईला जाच कसला होता?

जाच होता कर्जाचा. लग्नासाठी वारली सावकाराकडून पैसे घेई आणि ते फेडण्यासाठी त्याच्याच घरी राबे. त्याला म्हणत लग्नगडी. एकटा नवराच नव्हे, नवी नवरीही त्याच्याबरोबर बांधली जाई. फेड कधी होईल, ते सावकाराच्या वहीला ठाऊक. गड्याच्या बायकोवरही आपलाच हक्क, असे मानणारे जमीनदार होते. म्हणजे तिच्या लग्नातच तिची गुलामी. आता सांगा, संमतिवयाचा कायदा इथे काय कामाचा?

गोदावरी परुळेकर आल्या त्या मात्र सुधारकांच्याच वाटेने. पुण्याच्या गोखल्यांची ही मुलगी कायद्याची पदवीधर झाली आणि गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ साली काढलेल्या भारत सेवक समाजात शिरली. पुढे त्या आणि शामराव परुळेकर किसान सभेकडे वळले. माझ्या मते पहिले शिक्षण वाया गेले नाही. बाई स्वतंत्र माणूस आहे हे तिथे शिकलेले होतेच, ते स्वातंत्र्य कुठे अडले आहे हे वारल्यांनी दाखवले.

२३ मे १९४५ रोजी झरी गावी, आजच्या तलासरी तालुक्यात, हजारो वारली जमले. वेठ करायची नाही, रोज बारा आणे घेतल्याशिवाय काम नाही, असे ठरले. लग्नगडी सुटू लागले. ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. पाच माणसे मेली. परुळेकर दांपत्याला जिल्ह्याबाहेर घालवले. तरी वेठ परत आली नाही. वारली बाईंना ‘गोदाराणी’ म्हणू लागले.

ही सारी हकिकत त्यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० सालच्या पुस्तकात लिहिली. १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शाळेच्या कपाटात ते असेल, तर गुरुजी, लग्नगड्यांची पाने वर्गात मोठ्याने वाचा.