लोकवर्गणी, महाराष्ट्रातील

सार्वजनिक संस्था उभारण्यासाठी व चालविण्यासाठी जनतेकडून स्वेच्छेने जमविलेला निधी. दान व वर्गणी यांत भेद आहे. दानात दात्याचे पुण्य वा कीर्ती प्रधान असते, तर वर्गणीत कार्य प्रधान असून देणारा बहुधा अनामिक राहतो. महाराष्ट्रातील बहुतेक जुन्या शिक्षणसंस्था या दोहोंच्या मिश्रणातून उभ्या राहिल्या.

पेशवाईत श्रावणमासी पुण्यात वाटली जाणारी दक्षिणा हे राजाश्रित दानाचे ठळक उदाहरण होय. दाभाड्यांनी सुरू केलेला हा प्रघात पेशव्यांनी चालविला. १८१८ नंतर इंग्रजांनी ही रक्कम हळूहळू कमी करून तिचा काही भाग १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात निघालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळविला. ती मराठी ग्रंथनिर्मितीस द्यावी, असा अर्ज १८४९ मध्ये लोकहितवादी प्रभृती सुधारकांनी केला, तेव्हा सनातनी मंडळींनी मोठा क्षोभ केला. धर्मादायाचा विनियोग कोणी ठरवावा, हा वाद येथूनच सुरू झाला.

मुंबईत व्यापारी धनिकांच्या देणग्यांचे युग याच सुमारास अवतरले. जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून १८४५ मध्ये रुग्णालय सुरू झाले. प्रेमचंद रायचंद यांनी कापसाच्या तेजीत, १८६४ साली, मुंबई विद्यापीठास ग्रंथालय व मनोरा यांसाठी मोठ्या रकमा दिल्या. पुढच्याच वर्षी तेजी कोसळली. व्यापारी पैशाची ही चंचलता पुढील संस्थाचालकांना जाणवल्याशिवाय राहिली नसावी.

पुण्यात असे धनिक नव्हते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीसाठी (१८८४) महादेव बल्लाळ नामजोशी यांनी संस्थानिकांकडून देणग्या मिळविल्या. पण सामान्य लोकांपर्यंत पोहोचण्याचा धाडसी प्रयोग अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाने केला. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा, ही त्यामागील कल्पना. ६४ पैशांचा रुपया असल्याने एक लाख लोकांनी पैसे दिले, तरी जमत केवळ १,५६२ रुपये ८ आणे. गोळा करणारा बिनपगारी नसेल, तर ही रक्कम गोळा करण्यातच संपावी. स्वयंसेवकांच्या बळावर मात्र या निधीतून तळेगाव येथे १९०८ मध्ये काचकारखाना निघाला. १९२१ चा टिळक स्वराज्य फंड एक कोटी रुपयांचे लक्ष्य गाठू शकला, त्यात मुंबईच्या व्यापाऱ्यांचा वाटा फार मोठा होता, हेही येथे नोंदविले पाहिजे.

धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांनी दोन्ही मार्ग चोखाळले. हिंगण्याच्या आश्रमासाठी व नंतर महिला विद्यापीठासाठी (१९१६) ते गावोगाव फिरले. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपये देऊ केले. तेव्हा विद्यापीठास त्यांच्या मातोश्रींचे नाव आले व पुढे १९३६ मध्ये मुख्यालय पुण्याहून मुंबईस गेले. तरीही सत्तरी ओलांडल्यावर कर्व्यांनी यूरोप, अमेरिका, जपान व आफ्रिका येथे जाऊन निधी मागितला. मोठी देणगी मिळाली म्हणून वर्गणीची गरज संपत नाही, हे ते जाणत होते.

कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेची (१९१९) वर्गणी मुख्यतः धान्यरूप होती. गृहिणी दररोज मूठभर धान्य बाजूस काढीत. हा ‘मूठधान्य’ निधी वसतिगृहांत शिजे. ज्यांच्या हाती रोख पैसा नव्हता, असा वर्ग त्यामुळे प्रथमच देणगीदार झाला. वसतिगृहासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिनेही दिले. १९४८ मध्ये सरकारने संस्थेचे अनुदान काही काळ बंद केले, त्या अडचणीत या लोकाधाराचे मोल दिसून आले.

मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये सर्वधर्मीय न्यासांची नोंदणी व हिशेबतपासणी सक्तीची झाली. कंपनी अधिनियम, २०१३ नुसार विहित मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते. स्वेच्छेचा अंश त्यात थोडाच उरला असला, तरी अनेक संस्थांचा आज तोच एक मोठा आधार आहे. कंपनीने आपल्या कार्यक्षेत्रास अग्रक्रम द्यावा, असा निर्देश अधिनियमात असल्याने हा पैसा कारखानदारी असलेल्या जिल्ह्यांकडे अधिक वळतो.